दुसरा कोयता

वर्षाराणीने बोचक्याची गाठ आधी बोटांनी, मग दातांनी सोडवली आणि सगळा संसार लिंबाखाली पालथा केला. धुराने काळी पडलेली पातेली, कान तुटलेली बादली, दोन गोधड्या आणि प्रत्येक वस्तूतून झडणारा उसाच्या पाचटाचा चुरा. ओट्यावर बसलेली मंगल चहाची कपबशी हातात धरून लेकीकडे बघत होती. चहा कधीचा निवला होता.

"आई, गोधडीत निम्मं शेत बांधून आनलंस की गं," वर्षाराणी हसत म्हणाली.

"झटकून घे. वाऱ्याकडं तोंड करू नगं."

पोरीने गोधड्या झटकून भिंतीवर टाकल्या. लिंब फुलला होता. तिच्या केसांत, खांद्यावर बारीक पांढरा फुलोरा पडला होता. ढिगात सगळ्यात खाली गोणपाटाची लांबट गुंडाळी होती, सुतळीने करकचून बांधलेली. तिच्यावर पोरीचा हात पडला तशी मंगलने कपबशी खाली ठेवली.

त्या गुंडाळीत कोयते असत. ऊसतोडीहून घरी आलं की दुसऱ्या दिवशी कोयते राखेने घासायचे, तेलाचं बोट फिरवायचं, जुन्या फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवायचे आणि थेट दसऱ्याला पूजेसाठी खाली काढायचे, ही त्या घरातली रीत. वर्षाराणीला समज आली तेव्हापासून हे काम तिचंच. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एकच कोयता धरतात, पण गुंडाळीत कोयते दोन असतात. यंदा मात्र एकच होता, तोही भागवतचा. आपला कोयता मंगलने हंगामाच्या शेवटच्या दिवशी टोळीतल्या अंजूला देऊन टाकला होता. अंजू नवी नवरी, तिचा पहिलाच हंगाम, आणि तिच्या कोयत्याची मूठ सारखी निसटायची. "घे, मला आता लागायचा न्हाई," मंगल म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

तिने ठरवलंच होतं. आता फडावर जायचं बंद. भागवतही तयार झाला होता. येत्या हंगामाला तो मंगलच्या भावाबरोबर, सोमेश्वरबरोबर, जोडी लावणार होता. मंगल घरी राहणार होती, पोरीजवळ. पोरीने दहावीची परीक्षा एकटीच्या हिमतीवर दिली होती. त्याआधी ती शहाणी झाली तेव्हाही मंगल फडातच होती. शेजारीच राहणारी भागवतची आत्या छबुबाई, तिनेच सगळं निभावून नेलं, आणि आईला ती बातमी कळली मुकादमाच्या मोबाइलवर, मोळ्या बांधणाऱ्या चार बाप्यांच्या देखत. त्या दिवशी तिला धड हसताही आलं नाही की रडताही. झालं ते झालं, पण लग्न होऊन जायच्या आधीची काही वर्षं तरी पोर आपल्या हाताखाली राहील, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

हे पोरीला सांगायचं कसं, हाच काय तो प्रश्न. मंगल मोळी उचलून शिडी चढायची, पण मनातलं सरळ बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून ट्रॅक्टरमध्ये बसून येताना तिने वाटभर एक बेत केला होता. आपण काही बोलायचं नाही. पोर गुंडाळी सोडेल, आत एकच कोयता बघेल आणि विचारील, "आई, तुझा कुठं गेला?" मग म्हणायचं, "दिला एकीला. मी आता कुटंच जात न्हाई." पुढे काय होईल तेही तिने बघून ठेवलं होतं. पोर गळ्यात पडेल, आणि आपण तिला "चल, बाजूला हो" म्हणू.

वर्षाराणीने सुतळीचं टोक शोधलं आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून छबुबाईचा आवाज आला.

"आगं ये राणे! ऊन डोक्यावर आलं, चीक काय आता भाद्रपदात शिजवायचा का?"

"आले आज्जी!" पोरीने गुंडाळी तशीच उचलून ओट्याच्या कोपऱ्यात उभी केली. "आई, हे सांजच्याला. आधी तू आंघोळ करून घे. पानी इसानलंय."

मंगलने गुंडाळीकडे पाहिलं. बरं, संध्याकाळी तर संध्याकाळी. इतके महिने थांबलो, आणखी एक दिवस काय जड.

न्हाणीला पत्र्याचं दार होतं आणि दाराला कडी होती. ती कडी लावून मंगल नुसतीच थोडा वेळ बसून राहिली. फडावर आंघोळ म्हणजे पहाटेच्या अंधारात, पाचटाच्या कोपीमागे, लुगड्याचा आडोसा धरून, चार तांबे भडाभडा. इथे वरून ऊन येत होतं, घंगाळातल्या पाण्यात लिंबाचा पाला होता आणि कोणी "गाडी आली, चला" म्हणून ओरडत नव्हतं. पोरीने दगडावर वासाचा साबण काढून ठेवला होता, कागद न काढलेला, पाहुण्यांसाठी ठेवतात तसा. मंगलने तो हुंगला आणि परत ठेवला. रोजच्या साबणाच्या झिजलेल्या तुकड्यानेच तिने अंग घासलं.

ती बाहेर आली तेव्हा चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि वर्षाराणी एका हाताने गव्हाचा पांढरा चीक ओतत, दुसऱ्या हाताने लाटण्याने घोटत होती. आई येणार म्हणून तिने अंदाजाने गहू भिजत घातले होते, रोज पाणी बदललं होतं, वाटून-गाळून ठेवलं होतं. छबुबाई पाटावर बसून नुसत्या सूचना करत होती आणि त्यातली एकही सूचना आता पोरीला लागत नव्हती.

"मी घोटते, आन इकडं," मंगल म्हणाली.

"बस गं तू. काल तर आलीस."

"मीठ तरी टाकू दे." मंगल उठली, फडताळाकडे गेली. मिठाचा डबा तिथे नव्हता. तिथे आता वह्या-पुस्तकं होती. तिने कोनाड्यात पाहिलं, चुलीमागे पाहिलं. स्वतःच्या घरात मीठ शोधत फिरणारी बाई कशी दिसते ते छबुबाई बघते आहे, हे तिला पाठीतूनही कळलं.

"वरच्या फळीवर हाय, आई. निळं झाकन. पर टाकलंय मी आधीच."

मंगल परत येऊन बसली. पोरीने ताटलीत गरम चीक वाढला, मध्ये खळगा करून त्यात तेल सोडलं, वर जिऱ्याची पूड टाकली. मंगलने पहिला घास तोंडात घातला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने तो बाहेर काढला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला असा चुलीपाशी बसून चीक खावा, याच्याहून मोठं सुख तिने कधी मागितलंच नव्हतं. लहानपणी तिची आई असाच खळगा करायची. हे पोरीला आपण शिकवायचं होतं. शिकवलं दुसऱ्याच कुणी, आणि चांगलं शिकवलं, तक्रार करायलाही जागा नाही.

"कसा झालाय?"

"मऊ झालाय लई," ती म्हणाली. तिला खूप काही म्हणायचं होतं, पण एवढंच निघालं.

मग तिघींनी अंगणात बाज टाकली, तिच्यावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि कुरडया घालायला घेतल्या. सोऱ्या मंगलने हट्टाने आपल्याकडे घेतला. मूठ धरली आणि जोर लावला. मोळी आवळायची सवय असलेले ते हात. चीक एकदम भसकन बाहेर आला आणि धोतरावर कुरडईऐवजी गोळा पडला.

छबुबाई तोंडाला पदर लावून हसली. "मंगल, आगं ऊस न्हाई त्यो. गहू हाय बिचारा."

वर्षाराणीही हसली, पण लगेच मागून आली आणि तिने आपले हात आईच्या हातांवर ठेवले. "हळू. असं. हात गोल फिरवत ऱ्हा, दाबू नगं. आपोआप पडतंय."

मंगलने हात सैल सोडला. पोरीच्या हाताखाली तिचा हात गोल फिरत राहिला आणि धोतरावर एक नीट कुरडई उमटली. मंगललाही हसू आलं. दुसरी तिने एकटीने घातली, तिसरी त्याहून बरी आली. ऊन पाठीवर चढत होतं, कुठेतरी कोकिळा ओरडत होती. छबुबाई गावातल्या लग्नांचा हिशेब सांगत होती. मंगल ऐकत नव्हती. पुढच्या वर्षीचा चीक आपण घोटायचा, असं तिने ठरवून टाकलं. पोरीने नुसतं ताटली घेऊन बसायचं. गहू आपण भिजवायचा, पाणी आपण बदलायचं, मीठ पुन्हा फडताळात ठेवायचं.

दुपारी ऊन असं तापलं की कुत्रीही रांजणाखालच्या ओलीत जाऊन पडली. आत मात्र माळवदाखाली गार होतं. दोघी मायलेकी दार लोटून सारवलेल्या जमिनीवर बसल्या. पोरीने कैरी चिरली, मीठ-तिखट लावलं. खाताना मंगलचे दात आंबले आणि तिने असं तोंड केलं की पोर खोखो हसत सुटली. मग मंगलने तेलाची बाटली ओढली.

"ये, डोकं दे."

वर्षाराणी पाठ करून तिच्या पुढ्यात बसली. मंगलने केस मोकळे केले. केस लांब झाले होते, कमरेच्या खाली गेले होते. तिने तेल चोळायला सुरुवात केली, पण हाताला पडलेल्या भेगांत केस अडकायला लागले. प्रत्येक वेळी पोरीचं डोकं बारीक हिसक्याने मागे यायचं.

"दुखतंय का?"

"न्हाई. चोळ तू."

मंगल तळहाताने चोळायला लागली, बोटं वर धरून. दसऱ्यानंतर घरी राहिलं की हात मऊ पडतील, तिच्या मनात आलं. आता सांगावं का? कशाला ती गुंडाळी आणि तो कोयता? तिने घसा साफ केला. पण मग तिला दरवर्षीची निघायची सकाळ आठवली. सामान भरलेला ट्रॅक्टर, बायांची रडारड, प्रत्येकीचं पोर चाकाला धरून उभं. वर्षाराणी मात्र कधी दारातसुद्धा यायची नाही. मंगल वेशीपर्यंत मान वळवून बघत जायची, दार रिकामं. पोरीला आपली सवय राहिली नाही, असं त्या रिकाम्या दाराकडे बघून तिला वाटायचं आणि ते खरं असलं तर दोष कुणाचा, हेही कळायचं. आज आपण राहतो म्हणालो आणि पोर नुसतं "बरं" म्हणाली तर?

या भीतीने तिचं तोंड पुन्हा मिटलं. तिने वेणी घातली, शेवटी लाल दोरा बांधला. पोर तिच्या मांडीवर कलंडली आणि बघता बघता झोपली. मंगलची मांडी मुंग्या येऊन बधिर झाली, तरी ती हलली नाही.

दिवस कलला तेव्हा भागवत दिंद्रुडच्या बाजारातून आला. खांद्यावर भलंमोठं टरबूज होतं आणि चेहऱ्यावर ते फुकट मिळाल्यासारखा आनंद.

"कावून एवढं मोठं आनलं?" मंगल म्हणाली. "खानारी मानसं किती?"

"अगं, घरी हाव की. घरी असल्यावर खावं मानसानं." त्याने टरबूज लिंबाखाली ठेवलं आणि वर्षाराणीला विळी आणायला सांगितलं. पोर आत गेली तसं त्याने हळूच विचारलं, "सांगितलं का?"

"आजूक न्हाई. आता सांगते."

फोडी लालभडक निघाल्या. तिघं ओट्यावर बसून खायला लागली, रस कोपरापर्यंत ओघळत होता. वाळत घातलेल्या कुरडया कडेने पांढऱ्या होत आल्या होत्या. वर्षाराणीने हातातली फोड संपवली, हात धुतला, ओढणीला पुसला आणि मग एकदम सरळ बसून म्हणाली,

"अण्णा, आई, एक सांगायचं हाय. तुमी दोघं संगंच असताना सांगायचं म्हनून सकाळपासनं थांबले."

मंगलने फोड खाली धरली.

"आमच्या शाळंतल्या मॅडमनी अंबाजोगाईला वसतिगृहात माझ्यासाठी बोलून ठेवलंय. अकरावी-बारावी तिथंच. ऱ्हायचं, खायचं समदं तिथंच हाय. निकाल लागला की जूनमदी जायचं. पेपर चांगले गेलेत, त्या म्हनल्या काळजी करू नगं, तुझं झालंच समज. पुढं मला नर्सिंगला जायचंय."

भागवतने मंगलकडे पाहिलं. मंगल पोरीकडे पाहत होती. एवढं एका दमात बोलताना तिने आपल्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं. तिचे गाल तापल्यासारखे लाल झाले होते.

"मी पैल्यांदा न्हाईच म्हनले व्हते," वर्षाराणी पुढे म्हणाली. "घर कोन बघनार म्हनले. मग मॅडम म्हनल्या, आगं, आईबाप तर दसरा झाला की जातेत, तू काय कुलपाला राखन बसायलीस का? मग मला बी पटलं. आई घरी असती तर मी गेलेच नसते. आईला टाकून कुनी जातंय का? पर तू तर नसतीसच."

लिंबाच्या फांदीवर चिमण्यांची झोंबी चालली होती. भागवतने तोंड उघडलं.

"अगं वर्षे, तुझी आई तर यंदा..."

"आवं, खावा की," मंगल म्हणाली आणि तिने आपल्या हातातली फोड त्याच्या हातात कोंबली. "गार हाय तवर खावा."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग फोडीकडे बघितलं. मग तो बिया काढत बसला.

"आई, तू बोलंना कायच," पोर म्हणाली.

"चांगलं झालं." मंगलचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला म्हणून तिने तो खाकरून नीट केला. "लई चांगलं झालं, बाळा. मॅडमला एकदा घरी आन. कुरडया दिऊ त्यांना."

वर्षाराणीने सुस्कारा सोडला आणि सरकून आईला टेकून बसली. "मला वाटलं तू रागावशील. आता तू बिनघोर जात जा, आई. कुलूप लावायचं आन् जायचं. मागं बघत बसायचं न्हाई. वेशीपतोर बघत जाती तू, मला ठाव हाय."

"तुला कसं ठाव? तू तर दारात बी येत न्हाईस."

"दाराच्या फटीतून दिसतंय की समदं," पोर बोटाने ओट्यावरची टरबुजाची बी ढकलत म्हणाली. "पुढं आले असते तर मी ट्रॅक्टरच्या मागं पळाले असते, आन् तुझा पाय निघाला नसता. आज्जी आतून कडी लावून मला धरून बसायची."

मंगलने पोरीच्या वेणीचा लाल दोरा उगाचच सोडला आणि पुन्हा बांधला. तिला इतकी वर्षं रिकामं दिसलेलं ते दार समोरच होतं, दोन फळ्यांचं, मध्ये बोटभर फट असलेलं. ती फट बुजवायची म्हणून भागवतच्या मागे ती दर उन्हाळ्यात लागायची. दुपारी एवढी एक गोष्ट आपण घाबरून गिळली नसती तर? चीक खाताना सांगून टाकलं असतं तर? तर पोर गळ्यात पडली असती आणि ही अंबाजोगाईची गोष्ट तिने आपल्या तोंडून कधीच बाहेर काढली नसती. आपण मात्र जन्मभर म्हणत बसलो असतो की पोरीला घरीच आवडतं. मंगलला भरून आलं. कशाचं वाईट वाटून घ्यावं तेच तिला कळेना; उशीर झाल्याचं, की वेळेवर न बोलल्यानेच पोरीचं भलं झाल्याचं.

"अय्यो, कोयते ऱ्हायलेच की!" वर्षाराणी उठली.

"ऱ्हाऊ दे आता," मंगल घाईने म्हणाली. "उद्या मी करते."

"दुसऱ्या दिवशीच करायचे असतेत. तूच तर शिकवलंस."

तेवढं एक आपण शिकवलं खरं, मंगलच्या मनात आलं. पोरीने कोपऱ्यातली गुंडाळी आणली, सुतळी सोडली, गोणपाट उलगडलं. भागवतचा कोयता बाहेर निघाला, वाकड्या पात्याचा, घामाने काळ्या झालेल्या मुठीचा. पोरीने गोणपाट झटकलं. पाचटाची दोन पानं खाली पडली, आणखी काही नाही.

"आई, तुझा कुठं गेला?"

सकाळपासून, खरं तर वाटेत ट्रॅक्टरमध्ये बसल्यापासून, मंगल याच वाक्याची वाट बघत होती. शब्दसुद्धा तेच आले.

"कोपीतच ऱ्हायला वाटतं," ती म्हणाली. "निघायच्या गडबडीत ध्यान ऱ्हायलं न्हाई."

"असा कसा ऱ्हायला? तुझ्या हाताला बसलेला व्हता त्यो!" पोरीला खरोखर वाईट वाटलं. "आता कसं करायचं, अण्णा?"

भागवत अजून बिया काढत होता. त्याने वर न बघता सांगितलं, "दिंद्रुडला लोहार हाय की. नवा करून घिऊ."

"दसऱ्याच्या आधी घ्या. पूजेला दोन्ही पायजेत."

वर्षाराणीने राखेने कोयता घासला, पाण्याने धुतला, तेलाचं बोट पात्यावरून फिरवलं. तिचे हात सराईत होते, कुठे कापून घेतलं नाही. मग आतून तिने ते जुनं फडकं आणलं, ज्यात दोन्ही कोयते एकावर एक ठेवून गुंडाळायचे. मंगलच्याच एका फाटक्या लुगड्याचा तो तुकडा होता. पोरीने कोयता मधोमध ठेवून एक वेढा घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, तरी कितीतरी कापड लोंबत राहिलं.

"एकाला लई मोठं व्हतंय हे," ती म्हणाली. "निम्मं फाडून घिऊ का? पोतेऱ्याला व्हईल."

मंगल उठली. तिने पोरीच्या हातातून ते घेतलं, उरलेलं कापड नीट दुमडलं, आणखी वेढे दिले आणि वरून गाठ मारली.

"फाडू नगं," ती म्हणाली. "दसऱ्याला दुसरा येईलच की. ऱ्हाऊ दे त्याची जागा."